तोच रस्ता

९ डिसेंबर २०२३ रोजी दादर स्टेशनातल्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलले. तोवर दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. ‘एक नंबरवर ये’ असं सांगितलं की नवखा माणूस हमखास भलत्याच फलाटावर जाऊन उभा राही. म्हणून पश्चिमेचे एक ते सात तसेच ठेवून मध्य रेल्वेचे फलाट आठपासून चौदापर्यंत मोजायचं ठरलं. निर्णय शहाणपणाचा होता. रोजचे प्रवासी काही दिवस पाट्या वाचत चालले आणि मग विसरूनही गेले.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला मात्र ते अंगवळणी पडायला पावसाळा उजाडला. तो पंचविशीचा आहे, डोंबिवलीला राहतो आणि एकटा लोकलनं दादरला कामाला येतो. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. धिम्या गाडीची सगळी स्टेशनं त्याला फलाट कुठल्या बाजूला येतो यासकट पाठ आहेत. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे असं करत तो शीव, माटुंग्यापर्यंत मनात मोजत येतो. फलाटाच्या आकड्याला त्याचा जिना बांधलेला होता, जिन्याला पूल, पुलाला बाहेर पडायची बाजू. आकडा गेला आणि पुढचं सगळं सुटलं. जिना जागच्या जागी होता, पूलही होता. घरातल्या सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं आणि त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी त्याच्या आईनं एका कागदावर जुने आकडे आणि नवे आकडे समोरासमोर लिहून दिले. तो कागद कित्येक महिने त्याच्या खिशात होता.

बुद्धी शाबूत, स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली, रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ, आणि तरीही ओळखीच्या जागी माणूस अडतो. हे असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, याचा शोध घेताना मी मेंदूशास्त्रापासून जत्रेतल्या हरवले-सापडले केंद्रापर्यंत फिरून आले. हा लेख त्या शोधाचा आहे.

ऑटिझमचं सविस्तर वर्णन लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञानं १९४३ साली अमेरिकेत केलं. त्यानं पाहिलेल्या अकरा मुलांमध्ये सगळं होतं तसंच राहावं असा विलक्षण आग्रह त्याला दिसला होता. सत्तर वर्षांनी, २०१३ मध्ये, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं निदानाची जी पाचवी नियमावली काढली, तिच्यात या आग्रहाची उदाहरणं देताना रोज त्याच रस्त्यानं जाण्याची गरज हे उदाहरण नावानिशी आलं आहे. म्हणजे ‘तोच रस्ता’ अधिकृतपणे लक्षणांच्या यादीत आहे. डॉक्टरांना निदानासाठी अशी यादी लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण लक्षण म्हटलं की ते घालवायचं असतं असा आपला समज होतो, आणि इथं तो समज घात करतो. तोच रस्ता हे त्या माणसाचं शहरात टिकून राहण्याचं साधनही आहे. ते हिसकावून घेतलं तर हातात दुसरं काही उरत नाही.

मेंदूत रस्ता राहतो कुठं, याचं उत्तर गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत बरंचसं मिळालं आहे. १९७१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉन ओकीफ आणि त्यांचे सहकारी जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांना उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात काही पेशी अशा सापडल्या, की उंदीर खोलीतल्या एका ठरावीक जागी आला की तेवढ्यापुरत्याच त्या जाग्या व्हायच्या. जागा बदलली की दुसरी पेशी. २००५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रोनहाइम इथं मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागात वेगळ्या पेशी मिळाल्या. त्या साऱ्या जागेवर समान अंतरांची एक जाळी टाकतात आणि त्या जाळीच्या गाठींवर जाग्या होतात. डोकं कुठल्या दिशेला वळलं आहे ते सांगणाऱ्या पेशी त्याआधीच ठाऊक झाल्या होत्या. २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओकीफ आणि मोझर दांपत्याला मिळालं.

या पेशींच्या जोरावर प्राणी दोन तऱ्हेनं वाट काढतो. पहिली तऱ्हा स्वतःच्या शरीराला धरून असते. इथून सरळ, मग उजवीकडे, मग दुसरं दार. ही साखळी आहे. कडीला कडी जोडलेली, मधली एक निसटली की पुढच्या सगळ्या हातातून जातात. दुसऱ्या तऱ्हेत माणूस स्वतःला बाजूला ठेवून जागांचा एकमेकींशी संबंध जोडतो. देऊळ तळ्याच्या पूर्वेला, शाळा त्या दोहोंच्या मधे. असा नकाशा डोक्यात असला तर एक रस्ता बंद झाला तरी दुसरा सुचतो. बहुतेक माणसं नव्या गावात साखळीनं सुरुवात करतात आणि फिरता फिरता, न ठरवता, तिचा नकाशा करून टाकतात.

हे कसब बुद्धीहून वेगळं आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. कॅनडातल्या कॅल्गरीचे ज्युसेपे इयारिया यांच्या गटानं २००९ साली एका बाईंचं उदाहरण प्रसिद्ध केलं. मेंदूला कसली इजा नाही, बुद्धी उत्तम, पण राहत्या भागातही त्या वाट चुकत. त्यानंतर तसे अनेक लोक पुढे आले. म्हणजे डोकं तल्लख असूनही नकाशा न बनणं शक्य आहे, आणि त्यासाठी ऑटिझम असावाच लागतो असंही नाही.

मग ऑटिझममध्ये नेमकं काय होतं? संशोधन एका सुरात बोलत नाही, आणि मला वाटतं त्या बेसूरपणातच खरी माहिती दडलेली आहे. २००४ साली माँट्रियलमध्ये लॉरां मोत्रों यांच्या गटानं माणसाला चालता येईल एवढा मोठा चक्रव्यूह उभारला आणि सर्वसाधारण बुद्धिमत्तेच्या स्वमग्न व्यक्तींना त्यातून फिरवलं. रस्ता शिकणं, उलटा चालणं, न दिसणाऱ्या जागेकडे बोट दाखवणं, यांत ते इतरांच्या बरोबरीचे ठरले. नकाशा समोर ठेवून शिकायचं काम आलं तेव्हा त्यांनी कमी वेळ घेतला, आणि चाललेली वाट कागदावर जास्त अचूक काढली. २०१३ साली ब्रिटनमध्ये सोफी लिंड आणि सहकाऱ्यांनी सत्तावीस स्वमग्न आणि अठ्ठावीस इतर प्रौढांना संगणकावरच्या बेटावर सोडलं. बेटावर हिंडून कुठं काय आहे हे लक्षात ठेवायचं आणि नंतर ते शोधून काढायचं. सरासरी पस्तिशीतली, बुद्धिमत्तेत जुळवून घेतलेली माणसं होती, आणि इथं स्वमग्न गट मागे पडला.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला त्यांत विरोध दिसत नाही. माँट्रियलला जिथं ते सरस ठरले तिथं नकाशा आयता समोर होता. बेटावर तो पावलापावलानं स्वतः रचायचा होता. आणखी एक प्रयोग याच्या जोडीला घेता येतो. २०११ मध्ये लिझ पेलिकानो आणि सहकाऱ्यांनी मुलांना एका मोठ्या खोलीत फरशीत बसवलेल्या दिव्यांमधून लपलेलं लक्ष्य शोधायला लावलं. लक्ष्य खोलीच्या एका बाजूला जास्त वेळा ठेवलेलं असे. इतर मुलांना ही खोड लवकर कळली. स्वमग्न मुलांना ती उशिरा कळली, आणि पाहून झालेल्या जागा ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली. टेबलावरच्या कोड्यात चित्रात लपलेला आकार झटकन हेरणारी मुलं खोलीभर चालताना अशी अडली. कागदावरची जागा आणि चालायची जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलाला नकाशा वाचता येतो, जिगसॉ सुटतं, म्हणून त्याला बाजारातून घरी येता येईलच असं धरून चालणाऱ्या पालकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

लंडनच्या स्टीफन विल्टशर या चित्रकाराचं नाव इथं यायलाच हवं. १९७४ चा जन्म, लहानपणी बोलत नसे, आणि इमारती मात्र पाहिल्या तशा खिडकीन् खिडकीसह काढी. २००५ साली हेलिकॉप्टरमधून टोकियोवर थोडा वेळ फिरून आल्यावर त्यानं दहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर ते शहर आठवणीतून उतरवलं. त्याच्यावर लिहिणारे मेंदूतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स स्वतः मात्र चेहरे आणि जागा ओळखण्यात जन्मभर कच्चे होते. स्वतःच्या घरावरून ते न थांबता पुढे निघून जात, हे त्यांनीच २०१० साली सविस्तर लिहिलं आहे. त्यांना कुणी मंद म्हटलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत जी गोष्ट आपण सहज समजून घेतो, ती डोंबिवलीच्या एका मुलाच्या बाबतीत हट्ट का ठरते, हा प्रश्न मला सोडत नाही. आणि विल्टशरसारखी दृष्टी फार थोड्यांना असते हेही सांगायला हवं. प्रत्येक स्वमग्न मुलात असं काही दडलेलं असणार, या अपेक्षेचं ओझं कितीतरी घरांनी वाहिलेलं आहे.

आता प्रयोगशाळेतून बाहेर, आपल्या रस्त्यावर येऊ. आपल्याकडे वाट शोधणं हे डोक्याइतकंच तोंडाचं काम आहे. पत्ता अर्धा कागदावर असतो, उरलेला लोकांच्या जिभेवर. ‘सरळ जा, पुढं वडाचं झाड लागेल, तिथून थोडं आत वळा, मग कुणालाही विचारा.’ या एका वाक्यात किती गोष्टी ऐकणाऱ्यावर सोडलेल्या आहेत ते पाहावं. सरळ म्हणजे रस्ता वळला तर रस्त्याबरोबर की नाकासमोर? थोडं म्हणजे किती? आत म्हणजे कुठल्या बाजूला? आणि ‘कुणालाही’ म्हणजे नेमकं कुणाला? सांगणारा बोलताना हात एका बाजूला करतो, हनुवटीनं दुसरीकडे दाखवतो, आणि त्याची उजवी बाजू ही समोरच्याची डावी असते. बाकीचे लोक यातला निम्मा अर्थ चेहऱ्यावरून आणि हातवाऱ्यांवरून भरून काढतात. स्वमग्न माणसाला नेमकं तेच जड जातं. शिवाय अनोळखी माणसाला थांबवायचं, त्याच्या नजरेला नजर द्यायची, मागे रिक्षांचे भोंगे चालू असताना त्याचं बोलणं पकडायचं. मग पुष्कळ जण एक मार्ग काढतात. ‘हो, हो’ म्हणतात, आभार मानतात आणि न समजताच पुढे चालू लागतात. सांगणाऱ्याला आपण मदत केल्याचं समाधान मिळतं, आणि तो माणूस पुढच्या कोपऱ्यावर भिंतीला टेकून उभा असतो.

खुणाही आपल्या पळत्या असतात. ‘जिथं पूर्वी टॉकीज होतं ना, तिथं’ हे वाक्य महाराष्ट्राच्या कुठल्याही शहरात ऐकू येतं. गावात नव्यानं आलेल्याला ते निरुपयोगी आहे, आणि शब्दाला शब्द धरून चालणाऱ्याला तर ते कोडंच आहे, कारण तिथं टॉकीज नाही. या बाबतीत जुन्या पुण्यानं एक चांगली गोष्ट करून ठेवली आहे. नुसता मारुती म्हटलं तर कुठला ते कळणार नाही, पण पत्र्या मारुती एकच, भिकारदास मारुती एकच, जिलब्या मारुती एकच, आणि खुन्या मुरलीधरही एकच. एका जागेला एकच नाव आणि त्या नावाची दुसरी जागा नाही. स्वमग्न माणसाच्या डोक्यातल्या खुणेला नेमकं एवढंच लागतं. नव्या उपनगरांतल्या एकसारख्या इमारती, एकसारखी कमानींची प्रवेशद्वारं, ‘फेज वन’, ‘फेज टू’ आणि ए-बी-सी विंग यांनी ती सोय काढून घेतली.

खेड्यांतली रीत आणखी वेगळी. तिथं म्हातारी माणसं अजून उगवतीचा बांध, मावळतीची विहीर असं बोलतात. कोकणात वरची आळी आणि खालची आळी असते, आणि उताराकडे पाहिलं की कळतं. अशा दिशा माणूस वळला म्हणून वळत नाहीत. उजवं-डावं समोरच्याच्या अंगावर अवलंबून असतं, उगवत नसते. डावं-उजवं ज्याचं पक्कं होत नाही अशा मुलाला सूर्य, डोंगर, रेल्वेचे रूळ अशा ठाम गोष्टींवर दिशा बांधून दिली तर त्याला आधार मिळतो, असं मी पाहिलं आहे. मुंबईत तर पूर्व आणि पश्चिम रुळांनी आखून दिलेली आहेत. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ३८ देशांतल्या जवळपास चार लाख लोकांची वाट शोधण्याची क्षमता मोबाइलवरच्या खेळातून तपासली होती. शहराबाहेर वाढलेले लोक सरासरीनं यात पुढे होते. तो अभ्यास ऑटिझमचा नव्हता. पण दिशेचं भान घडण्यात आजूबाजूच्या जागेचा हात असतो, हे त्यातून स्पष्ट होतं.

आणि मग गोंगाट. दादरला पश्चिमेकडे उतरलं की फुलबाजाराचा वास येतो. तो वास कित्येकांसाठी पाटीपेक्षा भरवशाची खूण आहे. पण ज्याच्या कानाला गर्दीचा आवाज टोचतो, ज्याला घामट शर्टांचा स्पर्श सहन होत नाही, त्याचं सगळं बळ तो मारा झेलण्यात खर्च होतं आणि खुणा टिपायला काही उरत नाही. कानावर हेडफोन चढवला तर गोंगाट थांबतो, पण पुढच्या स्टेशनची घोषणाही थांबते आणि मागून येणाऱ्या गाडीचा भोंगाही. हा व्यवहार तो रोज करत असतो. सकाळी सहज जमलेला रस्ता संध्याकाळी सहाला जमत नाही, याचं कारण बहुतेकदा इथं सापडतं. घरचे म्हणतात, सकाळी तर गेला होतास की. रस्ता तोच असला तरी संध्याकाळचा तो माणूस दिवसभराचा थकलेला असतो.

हरवण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथं जिवाशी गाठ आहे. अमेरिकेत २०१२ साली ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात १,२१८ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी निघून जाण्याचा प्रयत्न केलेली मुलं ४९ टक्के होती, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक मुलं काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता होती. ही मुलं वाट चुकतात असं आपण म्हणतो. पालकांनी सांगितलेली कारणं वेगळी होती. हिंडायला, धावायला आवडतं म्हणून, आवडत्या जागी जायचं म्हणून, किंवा सहन न होणाऱ्या जागेपासून सुटायचं म्हणून मुलं निघाली होती. म्हणजे पुष्कळदा मुलाला कुठं जायचं हे ठाऊक असतं. आपल्याला ते ठाऊक नसतं, आणि परत कसं यायचं हे त्याला ठाऊक नसतं.

ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १४ वर्षांचा एक न बोलणारा स्वमग्न मुलगा शाळेतून बाहेर पडला. त्याला गाड्या आवडत म्हणून भुयारी रेल्वेचं जाळं पिंजून काढलं, त्याच्या आईचा ध्वनिमुद्रित आवाज पोलिसांच्या गाड्यांवरून शहरभर ऐकवला. जानेवारीत त्याचे अवशेष नदीकाठी सापडले. पुढे २०१८ साली अमेरिकेत झालेला केव्हिन आणि अव्हाँटे कायदा त्याच्या आणि आयोवातल्या नदीत बुडालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाच्या नावानं आहे. पोलिसांचं प्रशिक्षण आणि शोधयंत्रणा यांसाठी त्या कायद्यानं पैसा दिला.

या प्रकरणांतून शिकलेली एक गोष्ट प्रत्येक मराठी घरात पोचावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्वमग्न मूल दिसेनासं झालं तर सर्वांत आधी पाणी पाहावं. विहीर, तळं, नदीचा घाट, सोसायटीचा पोहण्याचा तलाव, बांधकामावरची उघडी टाकी. अनेक मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याची जाण नसते. नातेवाइकांना फोन नंतर. दुसरी गोष्ट जत्रेची आणि वारीची. आपल्याकडे हरवले-सापडले केंद्रावर माइकवरून नाव पुकारतात, आणि सापडलेल्या मुलाला पहिला प्रश्न नावाचाच विचारतात. जे मूल स्वतःच्या नावाला ओ देत नाही, त्याच्यापुढे ही सगळी व्यवस्था मुकी होते. शर्टाच्या आतल्या बाजूला शिवलेली नाव आणि फोन नंबराची पट्टी, हातातलं कडं, आणि त्याच दिवशीच्या कपड्यांतला फोनमधला फोटो, एवढी तयारी घरातून निघण्याआधी दोन मिनिटांत होते.

न्यूयॉर्कचीच आणखी एक गोष्ट. डेरियस मॅककॉलम हा स्वमग्न माणूस लहानपणापासून तिथल्या भुयारी रेल्वेत रमला. त्याला सारं जाळं पाठ. १९८१ साली, पंधरा वर्षांचा असताना, त्यानं प्रवाशांनी भरलेली गाडी चालवली. पुढच्या आयुष्यात गाड्या आणि बस परस्पर चालवल्याबद्दल त्याला तीसहून अधिक वेळा अटक झाली. नोकरी त्याला त्या रेल्वेनं कधी दिली नाही. त्याच शहरात, ब्रुकलिनमधल्या १९३६ सालच्या एका बंद स्टेशनात, वाहतुकीचं संग्रहालय आहे, आणि रेल्वेची आवड असलेल्या स्वमग्न मुलांना एकत्र आणणारा उपक्रम ते चालवतं. मुलं जुन्या डब्यांत बसतात, नकाशे धुंडाळतात, आवडीच्या विषयावरून एकमेकांशी बोलू लागतात. माणसाची एकच ओढ तुरुंगाकडे जाते की मैत्रीकडे, हे त्याच्या भोवतालचे लोक काय करतात यावर किती अवलंबून असतं!

प्रवास शिकवता येतो. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत अपंग विद्यार्थ्यांना बस आणि रेल्वेचा प्रवास शिकवणारे खास शिक्षक कित्येक दशकांपासून आहेत. पद्धत साधी आणि वेळखाऊ असते. आधी बरोबर चालायचं, मग दोन पावलं मागून, मग रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, मग पुढच्या स्टेशनवर वाट पाहायची. नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून उभारलेल्या ‘टीच’ कार्यक्रमात तोंडी सूचनांऐवजी डोळ्यांना दिसतील अशा क्रमावार सूचना देण्यावर भर होता. आपल्याकडच्या विशेष शाळांतही चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर दिसतं. तेच वेळापत्रक रस्त्यावर नेता येतं. नव्या जागी जायचं असेल तर आधी रिकाम्या वेळी जाऊन प्रत्येक वळणाचा फोटो मुलाच्या उंचीवरून काढावा. परतीचे फोटो वेगळे काढावेत, कारण उलट दिशेनं तोच चौक ओळखू येत नाही.

माझ्या बहिणीनं मुलासाठी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे तिनं बिघाडसुद्धा पाठात घातला. पावसात कुर्ला ते शीवच्या मधे रुळांवर पाणी चढतं आणि गाड्या अडतात, हे मुंबईला काही नवं नाही. तिनं कोरड्या दिवशी, रविवारी, त्याच्याबरोबर कुर्ल्याला उतरून पुढं काय करायचं ते करून पाहिलं. कुणाला फोन, कुठल्या बाजूला बाहेर, पंख्याखाली कुठं बसायचं. त्याचे फोटो त्याच्या फोनमध्ये ‘गाडी थांबली तर’ या नावानं आहेत. आता गाडी थांबणं हीसुद्धा त्याच्या साखळीतली एक कडी आहे. तोच रस्ता मोडून त्याला नकाशा मिळाला नसता. त्या रस्त्यालाच एक फांदी फुटली, मग दुसरी. परवा तो आपणहून माटुंग्याला उतरून चालत आला, कारण त्याला एक नवीन इंजिन पाहायचं होतं. बहिणीनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता.

अनोळखी माणसाला रस्ता सांगतानाही आपल्याला थोडं बदलता येईल. एका वेळी तीनच गोष्टी सांगाव्यात. हलणाऱ्या खुणा टाळाव्यात, म्हणजे चहाची गाडी नको, दवाखाना चालेल. ‘थोडं पुढं’ऐवजी ‘दुसरा सिग्नल’ म्हणावं. आणि सर्वांत उपयोगी, चुकलं तर कळेल कसं ते सांगावं. ‘पेट्रोल पंप दिसला तर तुम्ही पुढं आलात, मागं फिरा.’ हे वाक्य मिळालं की घाबरलेल्या माणसाला चूक दुरुस्त करता येते. समोरचा ‘हो, हो’ म्हणत असेल तर कागदावर किंवा फोनवर लिहून द्यावं. यात ऑटिझम ओळखण्याची गरज नाही. गावाकडून आलेली आजी, बहिरे गृहस्थ, परप्रांतातून कामाला आलेला मजूर, सगळ्यांना ते लागतं.

व्यवस्थेनं करायचंही पुष्कळ आहे. टोकियोच्या भुयारी रेल्वेनं २००४ मध्ये प्रत्येक स्टेशनाला मार्गाचं अक्षर आणि क्रमांक दिला. जपानी वाचता न येणारा माणूसही आपण किती स्टेशनं दूर आहोत ते मोजू शकतो. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझमचा स्पष्ट समावेश केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक न राहता बंधनकारक असले पाहिजेत असा निकाल दिला आणि तसे नियम करायला केंद्राला मुदत दिली. सुगमता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं रॅम्प, लिफ्ट आणि ब्रेल येतात. ती हवीतच. पण चालता येतं, दिसतं, ऐकू येतं आणि तरी पोचता येत नाही, अशा माणसासाठी सुगमता म्हणजे बदलाची आगाऊ खबर. मेट्रोच्या कामासाठी पत्रे ठोकून रस्ता बंद करायचा असेल तर आठवडाभर आधी त्याच जागी, चित्रासह, पर्यायी वाट दाखवणारी पाटी लागली पाहिजे. बसचा थांबा हलवायचा असेल तर जुन्या थांब्यावर नव्याचा फोटो हवा. डब्यात दार कुठल्या बाजूला उघडणार हे पडद्यावर ठळक बाण काढून दाखवायला हवं.

आणि हे सगळं सरकारवर ढकलायचं कारण नाही. गणपतीत आणि नवरात्रात रस्त्यावर मंडप उभे राहतात, वाहतूक वळवली जाते, ओळखीचा चौक रातोरात वेगळा दिसू लागतो. मंडप कुठं आणि कधी उभा राहणार हे मंडळाला कितीतरी आधी ठाऊक असतं, कारण महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी घ्यावी लागते. परवानगीच्या कागदाला जोडलेला नकाशा मोठा करून, ‘इथून जाता येणार नाही, असं जा’ एवढ्या शब्दांसह, मंडप घालण्याच्या आठ दिवस आधी चौकात आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर लावता येईल. वर्गणी मागायला घरोघर जाणारे कार्यकर्ते ‘तुमच्याकडे कुणाला याची आधी खबर लागते का’ एवढं विचारू शकतील. पुढच्या गणेशोत्सवाच्या बैठका उन्हाळ्यात सुरू होतील, तेव्हा हा विषय मांडायला पुरेसा वेळ आहे.